पाणी गोड होईपर्यंत

आमची वाडी म्हणजे एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. भरतीच्या वेळी अंगणात उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी ऐकू यायचं, समुद्राचं गाजणं आणि खाडीचं चुळबुळणं. दोन्हीकडे तोंडात धरवणार नाही इतकं खारं, आणि मधोमध माडांच्या सावलीत असलेल्या आमच्या विहिरीचं पाणी मात्र शहाळ्यासारखं. या गोष्टीचं आम्हा पोरांना कधी नवल वाटलं नाही. सूर्य उगवतो तसं विहिरीचं पाणी गोड असतं, एवढंच ठाऊक. वाडीत इतर दोन-तीन विहिरी होत्या, पण पिण्याचं पाणी न्यायला सगळ्या बाया आमच्याकडेच यायच्या. पहाटेपासून रहाटाची करकर सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणापर्यंत. त्या आवाजावर मी अभ्यास केला आहे, झोपले आहे, भांडले आहे. विहिरीच्या कडेला सुरंगीचं झाड आणि झाडाखाली एक शेंदूर माखलेला दगड. तो विहिरीचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ दिला की तो वर्षभर पाणी सांभाळायचा, अशी समजूत. कुणी पाणी न्यायला आलं तर नाही म्हणायचं नाही, आणि कुणी परका दारात आला तर त्याला आधी गूळ-पाणी द्यायचं, मग नाव-गाव विचारायचं, हे आईनं आम्हाला मारून शिकवलेलं.

मला या प्रकरणात सांगायचं आहे ते माझ्या वहिनीचं. पण विहिरीशिवाय ते सांगता येत नाही.

बाबा रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढून काढायची मोठी जाळी. अर्धा गाव एका दोराला आणि अर्धा दुसऱ्याला. जो हात लावेल त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की आजारातून उठलेला. पुढे यांत्रिक बोटी आल्या, मासळी किनाऱ्यापर्यंत येईनाशी झाली आणि रापणीत नुसतं शेवाळ आणि प्लास्टिक येऊ लागलं. बाबा ओटीवर बसून जाळ्याची भोकं सांधत राहायचे. ते जाळं पुन्हा पाण्यात जाणार नाही हे त्यांनाही कळत होतं. अशात दादा मुंबईहून परत आला. तो तिथल्या एका हॉटेलात वाढप्याचं काम करायचा. आला तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. "बाबानू, मुंबयचे लोक दर्या बघूक पैसे मोजतत. आणि आपण हडे दर्यार बसान उपाशी." बाबांनी मान वर न करता विचारलं, "दर्या बघूक? तेच्यात काय बघूचा आसा?" पण गुरांचा गोठा रिकामाच होता. तो पाडून दादानं दोन खोल्या काढल्या, मग आणखी दोन. फरशी घातली, संडास बांधले, फाट्यावर पाटी लावली. त्या वेळी आमच्या सगळ्या किनाऱ्यावर हेच चाललं होतं. काल ज्याच्या अंगणात सुकी मासळी वाळत होती त्याच्या अंगणात आज प्लास्टिकच्या खुर्च्या.

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं. वहिनी आरोंद्याची. गोव्याच्या हद्दीला लागलेलं खाडीकाठचं गाव. तिचं नाव सुमन, पण माझ्यासाठी ती पहिल्या दिवसापासून वैनीच. तिच्यात आणि माझ्यात फार अंतर नव्हतं. मी मालवणला कॉलेजात जात होते, ती माझ्याहून थोडी मोठी. काळीसावळी, दात किंचित पुढे, आणि हसली की तोंडावर हात धरायची. समुद्राला घाबरायची. खाडीकाठची असून समुद्राच्या लाटेत पाय घालायला तयार नसायची. मी तिला पहिल्या दिवाळीला ओढत नेली तर तिनं माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की वळ उठले. पण चुलीपुढे बसली की तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, खोबऱ्याच्या रसातल्या शिरवळ्या, तिसऱ्यांचं सुकं, घावणे असे की हातात घेतले तर पलीकडचं दिसावं. पाहुणे पहिल्यांदा दर्या बघायला यायचे, पण पुन्हा यायचे ते वहिनीच्या हातच्या जेवणासाठी, हे दादाही कबूल करायचा. आईला ती आवडायची. आई तोंडानं कौतुक करणारी बाई नव्हे, पण वहिनी जेवायला बसली की स्वतः उठून तिच्या पानात माशाचा मधला तुकडा घालायची. मी लेक असून मला डोकं किंवा शेपटी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि त्या दोघी हसायच्या.

पाहुण्यांना पाणी लागतं. आम्ही घरातली माणसं दोन कळशांत अंघोळ आवरायचो. पाहुणे समुद्रात डुंबून आले की वाळू निघेपर्यंत शॉवरखाली उभे राहायचे. दादानं विहिरीवर विजेचा पंप बसवला आणि छपरावर टाक्या. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि घरघर सुरू झाली तेव्हा वाडीतली पोरं जमून टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. रहाटाला एक कळशी वर यायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात वाळूतून खाली पाणी पाझरायचं. पंपाला दम नव्हता. विहिरीचा तळ दिसेपर्यंत ओढायचा आणि मग हवा ओढत घुरघुरायचा. दादानं विहीर आणखी खोल करून घेतली. खाली काळसर वाळू लागली, तिला कुजलेल्या शेवाळाचा वास होता. बाबा कडेला उभे राहून ती मुठीत घेऊन हुंगत होते. काही बोलले नाहीत. घरात हल्ली दादाचा शब्द चालत होता आणि बाबांना त्याच्याच कमाईवर जेवायचं होतं. मला आता वाटतं, वाडीतल्या प्रत्येकानं ती वाळू बघितली होती. खाली खारं आहे हे न कळायला आम्ही काही घाटावरची माणसं नव्हतो.

तो मे महिना होता. सगळ्या खोल्या भरलेल्या, ओटीवर गाद्या, पडवीत गाद्या. कोल्हापूरची दोन कुटुंबं, पुण्याचं एक, शिवाय दादाच्या मुंबईतल्या शेठचे कुणी ओळखीचे. आमच्याकडे बाया बाजूला बसायच्या. कावळा शिवला की चार दिवस स्वयंपाकघर बंद, विहीर बंद, सुरंगीच्या झाडाकडे तर बघायचंही नाही. माझ्यावर तर ती कडकडीत शिस्त होती. त्या पहाटे मी पडवीच्या दारात दात घासत होते. वहिनी न्हाणीघराजवळ उभी राहून आईला हळू आवाजात म्हणाली, "आये, मी भायरची झालंय." आईनं तिच्याकडे बघितलं, मग ओटीवर झोपलेल्या पाहुण्यांकडे बघितलं. त्यांना थोड्या वेळानं चहा हवा होता, घावणे हवे होते, दुपारी मासे हवे होते. मग आई म्हणाली, "कोणाक सांगा नको. नेहमीसारखां पाणी काढ आणि चुलीकडे बस. मी एकटी खंय खंय पुरी पडतलंय?" वहिनी म्हणाली, "राखणदार आसा गो आये." "राखणदाराचां मी बघतंय. तू जा." वहिनी गेली. वीज गेली होती, त्यामुळे त्या दिवशी तिनं रहाटानंच पाणी काढलं. मला आठवतं, तिनं सुरंगीच्या झाडाकडे पाठ करून दोर ओढला होता.

काही दिवसांनी पुण्याच्या बाई कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अहो, चहात चुकून साखरेऐवजी मीठ पडलंय वाटतं." आम्ही हसलो. वहिनीनं जीभ चावली, चहा ओतून टाकला आणि पुन्हा केला. पुन्हा तेच. तिनं कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात धरलं आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आये, मीठ माझ्या हातातला नाय. पाणी खारां आसा." आई म्हणाली, "येडी काय गो तू?" पण आईनंही चाखलं आणि तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, बाबांची पेज मीठ न घालताच खारट झाली. दुपारपर्यंत पाणी न्यायला आलेल्या बायांनीही तोंड वाकडं केलं. शेजारची काशीकाकी रिकामी कळशी काठावर आपटून म्हणाली, "ह्या बरां नाय. ह्या काय तरी झालां हा." ती आणि तिची कळशी मला आजही दिसते. ती वाईट बाई नव्हती. तिच्या नातवंडांना प्यायला पाणी नव्हतं.

दादा म्हणाला टँकर मागवू. मागवलाही. पण तो पाहुण्यांच्या टाकीत गेला. वाडी मात्र सुरंगीखाली जमली. तात्या गावकर आले. गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. भरदार आवाज, पांढरी मिशी, लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. त्यांनी सांगितलं, देवाला विचारू या. सगळे पुरुष देवळात गेले आणि गुरवानं पाषाणाला पाकळ्या लावल्या. आमच्याकडे अजूनही असाच कौल लावतात. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाहुण्यांना हे फार आवडतं, ते फोटो काढतात. त्या दिवशी तात्यांनी देवाला विचारलं, विहिरीला विटाळ झाला काय? उजवी पाकळी पडली. वेळ लागला, पण पडली. एवढ्यावर देवाचं काम संपलं. पंप थांबवायचा काय, विहीर इतकी खोल करायला नको होती काय, हे देवाला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित पुन्हा उजवीच पडली असती. देवाचा काय दोष? त्याला जे विचाराल त्याचंच तो उत्तर देणार. माझा देवावर राग नाही. माझा राग त्या पंपाच्या बटणाशी उभ्या असलेल्या माणसावर आहे, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे.

विटाळ कुणाचा, हे शोधायला वेळ लागला नाही. आईची पाळी केव्हाच गेली होती. माझे दिवस वाडीतल्या सगळ्या बायांना माहीत असायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उरली वहिनी. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी सगळी जमली. पुरुष पुढे, बाया मागे. पाहुणे खोल्यांच्या पायऱ्यांवर बसून बघत होते. दादानं त्यांना सांगितलं होतं की गावची पूजा आहे. तात्यांनी वहिनीला विचारलं, "सुने, खरां सांग. भायरची आसतना तू ह्या विहिरीर पाणी काढलंस?" वहिनीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "होय." खोटं बोलली असती तर कुणाला कळणार होतं? पण राखणदाराच्या दगडासमोर उभं राहून खोटं बोलणं तिला जमलं नाही. बायांत कुजबूज झाली. काशीकाकीनं पदर तोंडाला लावला. वहिनीनं मान वर करून आईकडे बघितलं. ती नुसती बघत राहिली. तिनं काही मागितलं नाही.

मग मीच बोलले. मला लहानपणापासून गप्प बसता येत नाही, त्यासाठी मार खूप खाल्ला आहे. मी म्हणाले, "आयेनच सांगल्यान तिका पाणी काढूक. मी आयकलंय. पाहुणे होते म्हणान सांगल्यान. आये, सांग तू." सगळे आईकडे वळले. बाबांनी डोळे मिटले. दादा मला म्हणाला, "नले, तुका कोणी इचारल्यान?" मी म्हणाले, "माका कोणी इचारूक नाय, म्हणानच सांगतंय." तात्यांनी आईला विचारलं नाही. घरातली मोठी बाई, वाडीला पाणी देणारी. तिला सगळ्यांसमोर विचारायचं म्हणजे सगळ्या घरालाच विचारायचं. ते थोडा वेळ थांबले. ती बोलली असती तर थांबायला पुरेसा वेळ होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तात्या म्हणाले, "पोरगी आसा, सोडा," आणि त्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा!" "होय म्हाराजा!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली. "ह्या जाग्याचो तू धनी. ह्या पाण्याचो तू मालक. आज ही लेकरां तुझ्या पायाकडे हात जोडून उभी आसत." "होय म्हाराजा!" "ह्या घरच्या सुनेच्या हातसून, जाणतां-अजाणतां, तुझ्या जाग्यार विटाळ झालो." तात्या थांबले. एरवी इथे सगळे मोठ्यानं म्हणतात, या वेळी आवाज जरा खाली होता. त्यामुळे मला आईचा आवाज वेगळा ऐकू आला. ती माझ्या शेजारीच उभी होती. "होय म्हाराजा," आई म्हणाली. बारीक आवाजात, पण स्पष्ट. वहिनी आमच्यापुढे होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. तिच्या मानेवरचे केस घामानं चिकटले होते आणि ती अगदी स्थिर उभी होती. पुढे तात्या काय म्हणाले ते मला आठवत नाही. नारळ फुटला, कोंबड्याचं रक्त दगडावर पडलं, आणि कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी पायऱ्यांवरून विचारलं की प्रसाद सगळ्यांना मिळतो का.

ठरलं असं की पाणी गोड होईपर्यंत वहिनीनं माहेरी राहावं. शिक्षा म्हणून नव्हे, सगळे पुन्हा पुन्हा सांगत होते, नुसतं विहिरीच्या बऱ्यासाठी. दादा रात्रभर तिच्याशी काय बोलला मला ठाऊक नाही. सकाळी त्याचे डोळे सुजलेले होते. तो वाईट नव्हता, तेच तर मला पचत नाही. तो म्हणाला, "दोन म्हयन्यांची गजाल. मी घेवन येतंय तिका." पण तिला पोहोचवायला तो गेला नाही, कारण त्या सकाळी त्याला पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचं होतं. मी गेले. आई दारात उभी राहून वहिनीच्या पिशवीत खोबऱ्याच्या वड्या, कोकमं, सुका जवळा, एकेक डबा कोंबत होती. पिशवीचा बंद लागेना. वहिनी वाकून पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत निघून गेली. मालवणहून एसटी धरली, सावंतवाडीला उतरलो. तिथून तिची आरोंद्याची गाडी. मधला वेळ आम्ही तळ्याच्या काठी बसलो. मी तिला म्हणाले, "वैनी, तू कित्याक नाय बोललंस? आयेनच सांगलेला म्हणान कित्याक नाय सांगलंस?" ती तळ्याकडे बघत म्हणाली, "मी सांगलंय असतंय तर माका सोडून लोक आयेक दोष देतले. आये खंय जातली? तिका माहेर आसा?" आईचं माहेर खरंच राहिलं नव्हतं. मग तिची गाडी लागली. चढताना तिनं माझा दंड धरला, समुद्रावर धरला होता तसाच, आणि म्हणाली, "पाणी गोड झालां काय माका कळय हां." मी हो म्हणाले. तिनं तोंडावर हात धरला. मला वाटलं हसते आहे.

पंप त्या दिवशीही चालू होता. दुसऱ्या दिवशीही. त्या पावसाळ्यात पाणी खरंच निवळलं. श्रावणात तर इतकं बरं लागलं की मी कळशी घेऊन धावत ओटीवर गेले आणि बाबांना म्हणाले, गोड झालं, आता आणू या तिला. बाबांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ह्यां पावसाचां पाणी. ह्यां धरूचां नाय." दादा म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघूया." दिवाळीला पाहुणे आले, दादानं दुसरा पंप घेतला आणि नाताळ येईपर्यंत पाणी तोंडात धरवेना. पुढल्या पावसाळ्यात निवळलं तेव्हा कुणी चाखूनही बघितलं नाही. चार खोल्यांच्या आठ झाल्या होत्या आणि घराला बाई हवी होती. कणकवलीकडची एक मुलगी दादाला करून दिली. कागदोपत्री काय केलं ते मला कधी कुणी सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा विषय बदलला. नव्या वहिनीशी माझं वाकडं नाही. ती बिचारी कामाखाली चेपून गेली.

माझं लग्न मसुऱ्याला झालं, मी शाळेत शिकवू लागले, केस पिकले. माहेरी जाते तेव्हा वाट चुकावी इतकं सगळं बदललं आहे. समुद्राखाली बुडी मारायला नेणाऱ्यांच्या पाट्या, वॉटर स्पोर्ट्सची तिकीट खिडकी, खोलीत एसी. नळ आले आहेत, ते दिवसाआड येतात. पिण्याचं पाणी मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून गाडीनं येतं. वाडीतल्या सगळ्या विहिरी आता खाऱ्या आहेत, एकीचाही अपवाद नाही. त्या सगळ्या विहिरींवर माझ्या वहिनीनं पाणी काढलं होतं की काय, असं मी एकदा तात्यांच्या मुलाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "जुनी गजाल सोड गो." आमच्या विहिरीवर मात्र एक माणूस रोज जायचं. आई. बाबा गेल्यानंतरही, गुडघे धरल्यानंतरही, पहाटे उठून दोरीनं थोडं पाणी काढायची, एक घोट तोंडात घ्यायची, थुंकायची आणि घरात यायची. कुणी विचारलं नाही. पाहुण्यांना वाटायचं ही काही पूजा आहे. एकानं तिचा फोटो काढून मोठा करून पाठवला. रहाट, सुरंगी, नऊवारी नेसलेली म्हातारी, तोंडाशी ओंजळ. दादानं तो जेवणाच्या हॉलमध्ये लावला आहे. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी त्या हॉलमध्ये जेवत नाही.

आईनं अंथरूण धरलं ते शिमग्याच्या आसपास. मी जाऊन राहिले. उठवत नव्हतं तरी सकाळी तिनं मला पेला दाखवला. मी विहिरीवरून पाणी आणलं. तिनं घोट घेतला आणि थुंकला नाही. गिळला. मला म्हणाली, "गोड लागता गो." तिचे डोळे उघडे होते, स्वच्छ होते. "तू चाख." मी चाखलं. घशात अडकलं इतकं खारं होतं. मरणाऱ्या माणसाला होय म्हणायला काय जात होतं? पण त्याच घरात, त्याच विहिरीपाशी मी एकदा खरं बोलले होते, आणि ते फक्त हिनंच मानायला हवं होतं. मी म्हणाले, "नाय आये. खारांच आसा." तिनं थोडा वेळ छताकडे बघितलं. मग म्हणाली, "तरी तिका हाड." तिला आण, असं ती वहिनीबद्दल म्हणत होती. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, "खारां आसा तरी हाड तिका. मीच सांगलेलंय गो, पाणी काढ म्हणान. तिका सांग." मी म्हणाले उद्याच जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

दिवस सुतकाचे, पण मी कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सावंतवाडीवरून आरोंद्याला गेले. घर शोधायला लागलं नाही. तिचा भाऊ वारला होता. ती भावजयीबरोबर राहते आणि काजूच्या कारखान्यात जाते. पाठीमागच्या अंगणात काजू सोलून काळी झालेली बोटं राखेनं घाशीत बसली होती. केस माझ्याहून पांढरे. मला बघून उठली आणि तोंडावर हात धरला. आधी काय विचारावं हे तिला सुचलं नसावं. किंवा इतकी वर्षं तेच विचारायचं राहिलं असावं. "पाणी गोड झालां?" ती म्हणाली.

"नाय," मी म्हणाले. "वैनी, आये गेली. जाताना म्हणाली, खारां आसा तरी तिका हाड. मीच सांगलेलंय, असां तुका सांगूक सांगल्यान."

भावजय दारात येऊन उभी राहिली होती, तिला वाटलं ही आता रडेल. वहिनी अंगणाच्या टोकाला विहीर होती तिकडे गेली. तिनं कळशी आत सोडली, भरून वर ओढली, दोन्ही हातांनी उचलली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतली. घरचं माणूस गेल्याचं ऐकलं की आमच्याकडे असंच, अंगावरच्या कपड्यांसकट न्हायचं असतं. परक्यासाठी कुणी न्हात नाही. पाणी तिच्या केसांवरून, पाठीवरून निथळत होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, तेंनी तुमका..." आणि थांबली.

"थंय मी येवचंय नाय, नलू," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण सासू गेली माझी." आणि दुसरी कळशी भरायला तिनं दोर पुन्हा विहिरीत सोडला.